एसटी जिथून माघारी वळते

रस्ता शांत आहे की नाही, हे मी नकाशा बघून ठरवत नाही. एसटीच्या वेळा विचारते. ज्या गावाला दर अर्ध्या तासाला गाडी, त्या रस्त्यावर सायकल म्हणजे जीव मुठीत धरून जाणं. ज्या गावाला सकाळी एक, दुपारी एक आणि संध्याकाळची एक मुक्कामी गाडी, तो रस्ता आपला. मुक्कामी एसटी ही तर खात्रीची खूण. ड्रायव्हर-कंडक्टर रात्री गावातच झोपतात, पहाटे तीच गाडी घेऊन माघारी फिरतात, म्हणजे पुढे रस्ता नाही. आणि जो रस्ता पुढे कुठेच जात नाही, त्यावर घाईची माणसंही नसतात.

साताऱ्याहून कासमार्गे बामणोलीला जाणारा रस्ता या जातीचा. निदान कासच्या पुढचा भाग तरी अजून त्या जातीत मोडतो. बामणोलीला डांबर संपतं आणि शिवसागरचं, म्हणजे कोयना धरणाचं, पाणी सुरू होतं. मोटारवाला तिथे गाडी वळवतो. सायकलवाल्याची मात्र सोय आहे: सायकल उचलायची, लाँचमध्ये घालायची, तापोळ्याला उतरायचं. तिथून महाबळेश्वरला चढायचं, केळघर घाटाने मेढ्याला उतरायचं आणि वेण्णेच्या कडेकडेने परत सातारा. रस्त्यावरचं अंतर सगळं मिळून सव्वाशे किलोमीटरच्या आतच भरतं. दमाची पोरं एका दिवसात उरकतात. मी तापोळ्याला मुक्काम करते. उरकण्यासारखं त्यात काही आहे असं मला वाटत नाही.

सातारा माझं आजोळ, त्यामुळे समर्थ मंदिराकडून बोगद्याकडे जाणारा रस्ता पायाखालचा. बोगद्यात न शिरता कासचा रस्ता धरला की अंग गरम व्हायच्या आतच यवतेश्वरचा घाट लागतो. या मार्गाची ही एक खोडी आहे. पहाटे इथे पळणाऱ्यांची वर्दळ असते. सातारा हिल हाफ मॅरेथॉन याच घाटातून होते आणि शहरातली निम्मी तरुण मंडळी वर्षभर तिच्या नावाने घाम गाळत असतात. त्यांचा मला थोडा हेवा वाटतो. पळणारा माणूस चढावर चालायला लागला तर त्याला कोणी काही विचारत नाही. सायकल हातात धरून चालणाऱ्या बाईला मात्र प्रत्येक दुचाकीवाला थांबून विचारतो, "पंक्चर का, ताई?" नाही म्हटलं की मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघतो.

चालायची वेळ येऊ नये म्हणून गिअर. माझ्या सायकलला पुढे छोटी चकती ३४ दातांची, मागे सगळ्यांत मोठी चकतीही ३४ दातांची. म्हणजे पायडलचा एक फेरा झाला की चाकाचा एक फेरा होतो, साधारण दोन मीटर दहा सेंटिमीटर. मिनिटाला साठ फेरे मारले तर ताशी साडेसात किलोमीटर. रेसवाल्या मंडळींना हा आकडा सांगायची लाज वाटते. मला नाही वाटत, कारण हा बोलण्याचा वेग आहे. ताशी वीसने गेलं की माणसं हात हलवतात. ताशी चाळीसने उतारावरून गेलं की कुत्रीसुद्धा मागे लागायचा कंटाळा करतात. पण साडेसातला बांधावरचा माणूस "कुठनं आला?" असं विचारून उत्तर ऐकू शकतो, वर आणखी दोन प्रश्न विचारू शकतो. या रस्त्यांबद्दल मला जे काही ठाऊक आहे, ते बहुतेक चढावर कळलेलं आहे.

चढांबद्दलही एक गोष्ट पायांना आधी कळते, डोक्याला मागाहून. वाईहून पाचगणीला जाणारा पसरणीचा घाट इंग्रजी अमदानीतला, बैलगाडीच्या काळातला. वाई साधारण सातशे मीटरवर, पाचगणी तेराशेच्या आसपास, मध्ये बारा किलोमीटर. हिशेब केला तर विसास एक असा चढ येतो: वीस फूट पुढे, एक फूट वर. आजच्या रस्तेबांधणीच्या निकषांतही डोंगराळ मुलखासाठी हाच पाच टक्क्यांचा चढ नेहमीचा मानतात. भरली गाडी ओढणारा बैल यापेक्षा जास्त चढाला बसकण मारतो, म्हणून घाट वळणं घेत घेत सबुरीने चढतो. साध्या गिअरची सायकलही तो चढून जाते. पण वाड्यावस्त्यांना जोडणारे अलीकडचे रस्ते बघा. ते थेट उताराच्या अंगावर जातात, कारण आखणाऱ्याच्या डोळ्यासमोर बैल नव्हता, जीपचा पहिला गिअर होता. वळणांचा खर्च वाचला, तो आता आमच्या गुडघ्यांकडून वसूल होतो. एखाद्या वळणावर पुढचं चाक हलकं होऊन उचलल्यासारखं वाटतं; तिथे खोगिराच्या टोकावर सरकून बसायचं, छाती हँडलवर आणायची आणि वर बघायचंच नाही.

यवतेश्वर चढून गेलं की मात्र बक्षीस आहे. रस्ता एका लांबच लांब डोंगराच्या माथ्यावरून जातो. उजवीकडे खाली वेण्णेचं खोरं आणि कण्हेरचं पाणी, डावीकडे उरमोडीचं पाणी आणि सज्जनगड. दोन्ही बाजूंना धरणं आणि मध्ये आपण, असा दुसरा रस्ता माझ्या पाहण्यात नाही. पंधरा वर्षांपूर्वी इथे वाऱ्याशिवाय काही ऐकू यायचं नाही. आता हॉटेलं झाली, रिसॉर्टं झाली, दरीकडच्या बाजूने पत्रे ठोकून दरीचा देखावा गिऱ्हाइकांपुरता राखून ठेवलेला दिसतो. शनिवार-रविवारी इथे सायकल घालू नये.

कासचं पठार आता जगाला माहीत आहे. २०१२ साली पश्चिम घाटातल्या ज्या जागा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेल्या, त्यांत कासचं नाव होतं. तेव्हापासून सप्टेंबरात साताऱ्याच्या वाहतुकीचा रंगच बदलतो. फुलं खरंच बघण्यासारखी असतात, त्यात वाद नाही. जांभ्या खडकावर बोटभर मातीचा थर, झाडाला मुळं धरता येत नाहीत, म्हणून मैदान या इवल्या फुलांच्या ताब्यात: गुलाबी तेरडा, पांढरे गेंद, निळीजांभळी सीतेची आसवं. पण सायकलवाल्यासाठी सप्टेंबर नव्हे. मोटारींच्या रांगेत क्लचच्या वासात चढ चढायचा, वर गेल्यावर फुलांऐवजी फोटो काढणारेच बघायचे. दिवाळी झाल्यावर जा. फुलं गेलेली असतात, गवत पिवळं पडलेलं असतं, आणि रखवालदाराला गप्पा मारायला वेळ असतो. जवळच्या कास तलावाचं पाणी उताराने आपसूक साताऱ्यात येतं. आजी सांगायची की नळाला कासचं पाणी आलं की डाळ लवकर शिजते. खरंखोटं डाळीला ठाऊक.

कासच्या पुढे वाहतूक एकदम ओसरते. रस्ता बाराशे मीटरवरून साडेसहाशेच्या आसपास उतरतो, आणि हा उतार जपून घ्यायचा. वळणावर बारीक खडी सांडलेली असते, सावलीत पाला ओला असतो, आणि म्हशींना तुमच्या वेगाचं काही पडलेलं नसतं. ब्रेक धरून ठेवू नयेत. जोरात दाबायचे, सोडायचे, पुन्हा दाबायचे. रिमवर ब्रेक लागणारी सायकल असेल तर खाली पोचल्यावर रिमला बोट लावून बघा, म्हणजे एवढा वेग कुठे गेला ते कळेल.

याच उतारावर घरांकडे लक्ष जातं. कौलारू घर पाडून बांधलेली स्लॅबची घरं, गुळगुळीत फरशी, ऑइलपेंटची पिस्ता-गुलाबी भिंत, आणि दाराला कुलूप. शेजारच्याही दाराला कुलूप. गाव लहान, पण देऊळ मोठं आणि नवं. एका देवळाच्या सावलीत ट्यूब बदलायला बसले होते, तेव्हा समोरची देणगीदारांची संगमरवरी पाटी वाचून काढली. नावं सगळी त्याच गावची, दोन-तीन आडनावांतली. नावापुढे कंसात मुक्काम लिहिलेला: घणसोली, कोपरखैरणे, वाशी, पुन्हा घणसोली. गावच्या देवळाच्या पाटीवर गावात राहणारा माणूस सापडायला शेवटच्या ओळीपर्यंत जावं लागलं.

जावळी, पाटण आणि महाबळेश्वर तालुक्यांतल्या या डोंगरी गावांनी मुंबईचं ओझं वाहिलं, हे शब्दशः खरं आहे. आधी मुंबईच्या गोद्या आणि दाणाबाजार, मग नवी मुंबईचं बाजार आवार. पाठीवर पोतं घेणारा माथाडी बहुतेक या खोऱ्यांतला. १९६९ साली माथाडी कायदा झाला आणि त्या पाठींना हजेरी, भविष्यनिर्वाह निधी आणि घरं मिळाली. म्हणून पाटीवर घणसोली. तापोळ्यासमोरच्या तीरावरच्या दरे गावातलं असंच एक कुटुंब ठाण्याला गेलं. त्यातले एकनाथ शिंदे २०२२ साली मुख्यमंत्री झाले, आणि तेव्हापासून या खोऱ्यात हेलिकॉप्टरचा आवाज ओळखीचा झाला.

पाटी वाचत होते तेव्हा शेजारच्या घरातली आजी येऊन उभी राहिली. आधी सायकलकडे बघितलं, मग माझ्या हेल्मेटकडे.

"कुठनं आलीस, बाय?"

"साताऱ्यातनं."

"ह्यावर? आन् घरच्यांनी सोडली व्हय?"

मी म्हटलं, घरचे म्हणाले संध्याकाळी फोन कर. "फोन लागतोय कुठं हितं," म्हणाली आणि आत जाऊन कोरा चहा घेऊन आली. दूध नसल्याबद्दल दोनदा बोलली. एक पोरगा घणसोलीला, एक ठाण्याला, नातवंडं मेच्या सुट्टीत येतात, यात्रेला येतात. मग हनुवटीनेच खालच्या पाण्याकडे खूण केली. "आमचं गाव तितं खाली. म्या ल्हान व्हते. उनाळ्यात पानी उतारलं की जोती दिसत्यात. आमची बी दिसती." म्हणजे ती बसली होती ते गाव सरकून वर आलेलं. धरणाचं पाणी चढत गेलं तशी काही माणसं लांबच्या जिल्ह्यांत पुनर्वसनाला गेली, काही आपली वर सरकली आणि उताराला चिकटून राहिली.

कोयनेचं धरण साठच्या दशकाच्या सुरुवातीला उभं राहिलं. साताऱ्या-सांगलीकडे पावसाळ्यात माणसं एकमेकांना तब्येत विचारण्याआधी "कोयनेत किती टीएमसी?" विचारतात; टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट, धरण भरलं म्हणजे १०५. ते पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला पोफळीकडे जातं, त्यावर वीज होते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला आणि कोयनानगरचं नाव देशभर झालं. पण धरणाच्या मागच्या अंगाला, या फुगवट्याच्या काठावर, काय झालं ते कमी सांगितलं जातं. सुपीक जमीन नदीकाठची, ती पहिली बुडाली. उरला तो डोंगर. नाचणी-वरीवर किती माणसं जगणार? पाणी पोफळीला गेलं, वीज मुंबईला गेली, मागोमाग पोरं मुंबईला गेली. धरणग्रस्तांचा पर्यायी जमिनीचा प्रश्न तिसऱ्या पिढीतही मोर्चे काढतोच आहे. पलीकडच्या काठावर १९८५ साली कोयना अभयारण्य झालं, २०१० साली ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात गेलं, आणि तिथली उरलीसुरली वस्तीही पातळ झाली. वासोटा किल्ल्यावर जाणारे ट्रेकर आता वनखात्याची परवानगी काढून बामणोलीहून लाँचने जातात.

सायकलवाले एकमेकांना रस्ता सुचवताना म्हणतात, "एकदम शांत रस्ता आहे, गाडी नाही, माणूस नाही." मीही म्हणते. पण या रस्त्याची शांतता निसर्गाने दिलेली नाही. ती माणसं उठून गेल्याची शांतता आहे, आणि ती का गेली हे पाटीवर लिहिलेलं आहे.

बामणोलीला लाँचवाल्याशी सायकलच्या भाड्यावरून थोडी घासाघीस होते, व्हायलाच हवी. माणसाचं भाडं ठरलेलं. सायकल माणूस की सामान, याचा निकाल त्या दिवशीच्या गिऱ्हाइकांवर ठरतो. सायकल चढवताना फळीवरून एकाने हँडल धरायचं, दुसऱ्याने मागचं चाक. मागच्या वेळी माझा पायडल बाकाच्या रेक्झिनमध्ये रुतला आणि चेनच्या तेलाचा काळा पट्टा एका आजोबांच्या धोतराला लागता लागता राहिला. लाँचवाल्याने नायलॉनच्या दोरीने सायकल कठड्याला बांधली, चेनच्या बाजूला गोणपाट टाकलं आणि म्हणाला, "मॅडम, हिला पोहायला येतं का?" इंजीन सुरू झालं की बोलणं बंद. डिझेलचा वास, पायाखालच्या फळ्यांची थरथर, दोन्ही बाजूंना हिरवे डोंगर आणि त्यांच्या पायथ्याशी पाणी उतरल्यावर उघडी पडलेली लाल मातीची पट्टी. कोयना, सोळशी आणि कांदाटी या तीन नद्या इथे एकत्र येतात, पण वरून नुसतं एकच पाणी दिसतं; कुठली नदी कुठली, हे लाँचवाल्यालाच विचारावं लागतं.

तापोळ्याला 'मिनी काश्मीर' म्हणतात. हे कोणाच्या डोक्यातून निघालं कोण जाणे. तापोळा तापोळ्यासारखाच आहे आणि तो पुरेसा आहे. रात्री चुलीवरची भाकरी आणि पिठलं मिळालं तर दुसऱ्या दिवशीच्या चढाची निम्मी तयारी तिथेच होते.

चढ आहे मोठा. पाण्याची पूर्ण पातळी ६५९ मीटर, महाबळेश्वर १,३७० च्या आसपास, मध्ये सत्तावीस-अठ्ठावीस किलोमीटर. भागाकार केला तर अडीच टक्क्यांचा किरकोळ चढ दिसतो. सरासरीच्या नादाला लागू नये. रस्ता मध्येच सपाट होतो, थोडा उतरतोही, आणि ती सगळी उधारी एकेका वळणावर चक्रवाढीने फेडून घेतो. सकाळी सातच्या आत निघावं. डोंगराची सावली तोवर रस्त्यावर असते. वर वर जाल तशा स्ट्रॉबेरीच्या सऱ्या दिसू लागतात, काळा प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या. मग गाड्यांचे हॉर्न ऐकू येतात आणि समजायचं की महाबळेश्वर आलं. बाजारपेठेतून शक्य तितक्या लवकर बाहेर पडावं. तिथे लिहिण्यासारखं माझ्याजवळ काही नाही, इतरांनी पुष्कळ लिहिलेलं आहे.

केळघर घाट उतरायला सुंदर. डावीकडे-उजवीकडे जंगल, मध्येच एखादा धबधब्याचा ओघळ, आणि खाली भातखाचरं. शिवाजी महाराजांनी १६५६ साली मोऱ्यांकडून जावळी घेतली, तेव्हा या मुलखात शिरणं का अवघड होतं ते उतरतानाही कळतं. गंमत अशी की जावळी तालुक्याचं ठाणं मेढा, आणि खुद्द जावळी गाव मात्र महाबळेश्वर तालुक्यात. मेढ्याच्या स्टँडजवळ वडापाव खाऊन पुढे साताऱ्यापर्यंतचे पंचवीसेक किलोमीटर पाय आपोआप फिरतात.

तापोळा आणि आहीर यांच्यामध्ये मोठ्या पुलाचं काम हाती घेतलेलं आहे. कांदाटी खोऱ्यातली गावं त्याने रस्त्याला जोडली जातील. शिवाय नवीन महाबळेश्वर म्हणून दोनशेहून जास्त गावांचा पर्यटन आराखडा आहे. दुसऱ्या गोष्टीची मला धास्ती वाटते. कासच्या रस्त्यावरचे पत्रे बघितल्यावर कोणालाही वाटेल. पुलाबद्दल मात्र माझं काही म्हणणं नाही. पावसाळ्यात रात्री बाळंतीण अडली तर लाँचची वाट बघणाऱ्या घराला विचारा. लाँचवाल्याला मी विचारलं, पूल झाल्यावर धंद्याचं काय? "मॅडम, माझी बायकू पलीकडची हाय," म्हणाला. "तिला आधी विचारा."

जाणार असाल तर दोन जास्तीच्या ट्यूबा घ्या. आपल्या बारीक वाल्वच्या ट्यूबा सातारा सोडलं की साताऱ्यातच मिळतात. लाँचसाठी रोख पैसे ठेवा, कासच्या पुढे फोनच्या रेंजचा भरवसा नाही. हवा दिवाळीनंतरची सगळ्यांत चांगली. पण एकदा मेच्या सुट्टीतही जा. ऊन असतं, रस्त्याला गर्दी असते, कुलपं निघालेली असतात, देवळाच्या लाउडस्पीकरवर सकाळपासून भक्तिगीतं. घणसोलीची पोरं सायकलमागे धावत येतात आणि तुमचा साडेसातचा वेगसुद्धा राहू देत नाहीत. "काकी, गिअर किती? कितीला घेतली? एक चक्कर मारू?" सीट खाली करायचा पाना वरच्या कप्प्यात ठेवा.